चहूकडे नुसतं पाणी : सी डेबद्दल तुमचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत बंदरांबद्दल फारसं कुणी विचारलेलं नाहीये. लांबच्या क्रूझवर मधेमधे जे दिवस येतात, जहाज कुठेच थांबत नाही, सकाळी पडदा सारला तरी पाणी आणि संध्याकाळी सारला तरी पाणी, त्या सी डेचं काय करायचं हाच सगळ्यांचा प्रश्न. म्हणून या अंकात तेवढंच घेतलंय, सारख्या प्रश्नांची एकत्रच उत्तरं देतेय.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं नुकतेच रिटायर झालोय, अटलांटिक ओलांडणारी क्रूझ बुक केलीय. सलग सहा दिवस जमीन दिसणार नाही. मुलगी म्हणते तुम्हाला वेड लागेल. खरंच एवढा कंटाळा येतो का?

येतो. बहुतेकांना साधारण तिसऱ्या दिवशी येतो आणि माझं ऐकाल तर येऊ द्या. पहिला दिवस कसा जहाज बघण्यात, जिने चुकण्यात, आपली केबिन कुठल्या बाजूला हे शोधण्यातच जातो. दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये येतं (हल्ली ॲपवरही असतं) आणि त्यात इतकं काय काय असतं की माणूस पेन घेऊन खुणाच करत सुटतो, सकाळी व्यायाम, मग लेक्चर, मग डान्सचा क्लास, मग क्विझ, मग चित्रांचा लिलाव, रात्री शो, आणि दिवसभर या डेकवरून त्या डेकवर नुसती पळापळ. तिसऱ्या दिवशी दमायला होतं आणि मग वाटतं की हे सगळं घरी पण करता आलं असतं.

मी सगळ्यांना एकच सांगते, रोज एकच गोष्ट ठरवायची, पण रोज त्याच वेळी. क्विझ घ्या उदाहरणार्थ, त्याला तिथे ट्रिव्हिया म्हणतात. टीम बहुतेक सहा जणांची असते, तुम्ही दोघंच असाल तर कुणीतरी बोलावून घेतंच आणि मग रोज तीच माणसं त्याच टेबलावर. बक्षीस म्हणजे काय तर किचेन नाहीतर बुकमार्क, पण त्यावरून चांगली शहाणीसुरती माणसं भांडताना बघितलीयत मी. नाहीतर लायब्ररीत किंवा कार्डरूमपाशी मोठ्ठं जिगसॉ पझल मांडलेलं असतं, येताजाता कुणीही दोन तुकडे लावावेत, ते आवडतं का बघा. ज्यांना यातलं काहीच नको त्यांच्यासाठी प्रोमेनाड डेक, म्हणजे जहाजाभोवती चालायची मोकळी वाट. किती फेऱ्या मारल्या की एक मैल होतो ते बऱ्याच जहाजांवर तिथेच पाटीवर लिहिलेलं असतं.

आणि दुपारी बाराच्या सुमारास कॅप्टन किंवा ब्रिजवरचा (ब्रिज म्हणजे जिथून जहाज चालवतात ती जागा) कुणी ऑफिसर स्पीकरवर बोलतो ते चुकवू नका. अक्षांश, रेखांश, वारा, लाटा, खाली किती खोल पाणी आहे, कालपासून किती अंतर कापलं. पहिल्या दिवशी ते नुसते आकडे वाटतात, चौथ्या दिवशी लोक जेवण थांबवून ऐकतात. जहाज २० नॉटने चाललं असेल तर २४ तासांत ४८० सागरी मैल होतात, म्हणजे जवळजवळ ८९० किलोमीटर (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर), आणि एवढं कापूनही आजूबाजूला काहीही बदललेलं नसतं. समुद्राची सरासरी खोली ३,७०० मीटरच्या आसपास आहे, तेव्हा खोलीचा आकडा चार हजाराच्या पुढे गेला म्हणून दचकू नका. मुलीला सांगा वेड लागत नाही, झोप मात्र भयंकर लागते.

प्रश्न : मॅडम, मला बस लागते, मोटार लागते, अगदी झोपाळासुद्धा लागतो. नवऱ्याला क्रूझच करायचीय आणि तीही लांबची. मला बोट लागणार हे नक्कीच का?

नक्की असं नाही. मोटारीत ज्यांना त्रास होतो त्यांना मोठ्या जहाजावर होईलच असं नसतं, कारण इथलं हलणं संथ असतं. आणि ज्यांना होतो त्यांचंही शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं, हा लांबच्या क्रूझचा फायदाच म्हणा, छोट्या क्रूझवर सरावेपर्यंत उतरायची वेळ येते.

होतं काय तर कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र मेंदूला सांगतं की आपण हलतोय आणि डोळे केबिनच्या भिंतीकडे बघून सांगतात की छे, सगळं स्थिर आहे. हे भांडण मिटवायचं म्हणजे डोळ्यांना पण हलणं दाखवायचं, म्हणून बाहेर मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडे बघत राहायचं. खाली मान घालून वाचायचं नाही, मोबाईल तर नाहीच नाही. अगदीच जमत नसेल तर सरळ आडवं व्हायचं आणि डोळे मिटून घ्यायचे.

केबिन मात्र बुकिंग करतानाच नीट निवडा, नंतर हळहळून उपयोग नाही. जहाजाच्या लांबीच्या मध्यावरची आणि खालच्या डेकवरची घ्या. सी-सॉ आठवा, टोकावरचा वर-खाली आपटत असतो आणि मधल्याला काही होत नाही. सगळ्यात पुढची, सगळ्यात वरच्या मजल्यावरची केबिन ब्रोशरमध्ये फार छान दिसते पण हलते पण तीच सगळ्यात जास्त. एजंट म्हणतील जहाजाला स्टॅबिलायझर आहेत, काही कळणार नाही. स्टॅबिलायझर म्हणजे पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे बाहेर येतात ते, ते असतात हे खरंय, पण ते जहाजाचं डावी-उजवीकडे कलणं कमी करतात. लाट समोरून आली आणि जहाजाचं नाक वर-खाली व्हायला लागलं की त्यांचा फारसा उपयोग नाही.

मार्ग आणि महिना पण बघा. उत्तर अटलांटिक हिवाळ्यात रागावलेलाच असतो, त्यामानाने खाली व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यातून जाणारे मार्ग पुष्कळ सौम्य. उत्तरेच्या मार्गावर साउथहॅम्प्टन ते न्यूयॉर्क नेमाने जाणारी क्वीन मेरी २ ही २००४ पासून चालतेय, पण ती मुळात क्रूझ शिप म्हणून बांधलेलीच नाही, ओशन लायनर आहे, याच समुद्रासाठी जास्त मजबूत बांधलेली आणि वेगवान, म्हणून तिचं उदाहरण बाकीच्या जहाजांना लावू नका.

औषधांचं असं आहे की मळमळायला लागल्यावर गोळी घेऊन फार उपयोग होत नाही, आधी घ्यावी लागते. मेक्लिझिनसारख्या गोळ्यांनी झोप येते. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी निदान चार तास आधी लावायची, तीन दिवस चालते, पण काचबिंदू असेल किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही, तोंड कोरडं पडतं, आणि पट्टी हाताळल्यावर हात धुवायचे, तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन दिवसभर धूसर दिसतं. आल्याने बऱ्याच जणांना बरं वाटतं. उपाशी राहू नका, थोडं थोडं कोरडं खात राहा, रिकाम्या पोटी जास्त ढवळतं.

अजून एक, लिफ्टपाशी आणि जिन्याच्या कठड्याला कागदी पिशव्या अडकवलेल्या दिसल्या की समजा ब्रिजवर फोरकास्ट बघून झालाय. गोळी तेव्हाच घ्यायची.

प्रश्न : कॅप्टन "फोर्स ८" वगैरे म्हणतो ते काय? आणि आकाश स्वच्छ असताना वरचा डेक बंद का करतात?

ती वाऱ्याची बोफर्ट मोजपट्टी. फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये बसवली. शून्य म्हणजे आरशासारखा समुद्र, ८ म्हणजे ३४ ते ४० नॉटचा वारा, १२ म्हणजे चक्रीवादळाच्या ताकदीचा. डेक बंद करण्याचं कारण साधं आहे, जहाज २० नॉटने पुढे जातंय आणि समोरून २० नॉटचा वारा येतोय, तर तुमच्या अंगावर ४० नॉटचा आदळतो, मग आकाश कितीही निळं असेना. आणि उलट वारा मागून तेवढ्याच वेगाने आला तर डेकवर पानही हलणार नाही आणि चिमणीचा धूर सरळ वर जाताना दिसेल. लाटांचंही तसंच, वारा पडलेला असतो पण शेकडो मैलांवरच्या कुठल्यातरी वादळाच्या रुंद संथ लाटा येत असतात, त्याला स्वेल म्हणतात, जहाज डुलवतात त्या बहुतेक वेळा याच.

प्रश्न : २५ तासांचा दिवस असतो म्हणतात, खरं का?

खरं, आणि सी डेमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तीच. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते म्हणजे तासाला १५ अंश, तेव्हा पश्चिमेकडे १५ रेखांश गेलात की घड्याळ एक तास मागे. युरोपातून अमेरिकेकडे सात रात्रींत जाताना बहुतेकदा पाच रात्री असा फुकटचा तास मिळतो. रात्री उशिरापर्यंत जागा, सकाळी तरीही फ्रेश. उलट दिशेने, पूर्वेकडे, पाच वेळा तास कापला जातो आणि चौथ्या दिवसापर्यंत सगळ्यांची तोंडं उतरलेली असतात, नाश्त्याची वेळ हुकलेली माणसं कॉरिडॉरमध्ये भेटत राहतात. काही जहाजांवर म्हणून हा तास रात्री न कापता भर दुपारी कापतात. दिशा निवडायची संधी असेल तर पश्चिमेला जाणारीच घ्या, यावर मी वाद पण घालणार नाही.

फोनवर विसंबू नका, तो मधेच कुठली वेळ पकडेल सांगता येत नाही. साधं मनगटी घड्याळ ठेवा, जहाजाच्या वेळेला लावलेलं.

प्रश्न : हाय ताई! आमची क्रूझ हवाईहून ऑस्ट्रेलियाला जातेय आणि माझा वाढदिवस नेमका त्या डेटलाइनच्या आसपास येतोय. तो गायब होऊ शकतो का???

होऊ शकतो गं! डेटलाइन म्हणजे तारीखरेषा, पॅसिफिकमधली जिथे तारीख बदलते ती काल्पनिक रेषा. पश्चिमेकडे जाताना ती ओलांडली की एक तारीख गळते, रात्री सोमवार म्हणून झोपायचं आणि बुधवारी उठायचं. कुठली तारीख गाळायची हे जहाज ठरवतं, निघाल्यावर रिसेप्शनला विचार. तुझीच तारीख गळत असेल तर तिथल्या लोकांना सांगून ठेव, असे वाढदिवस त्यांनी भरपूर बघितलेत, केक येतोच. पुढच्या वेळी पूर्वेकडे जा म्हणजे तीच तारीख दोनदा येईल.

हा घोळ जुनाच आहे. मॅगेलनच्या मोहिमेतलं उरलेलं जहाज १५२२ मध्ये पश्चिमेकडून जगाला वळसा घालून केप व्हर्दे बेटांवर पोचलं तेव्हा त्यांच्या वहीत बुधवार होता आणि बेटावर गुरुवार. जहाजावरच्या पिगाफेट्टा नावाच्या माणसाने रोजची नोंद ठेवली होती, त्याला कळेना की दिवस गेला कुठे.

पण एक गोष्ट सिरियसली सांगते, बरोबर कुणी रोजची औषधं घेणारं असेल तर तारखेप्रमाणे डबीतले कप्पे रिकामे करत बसू नका. तारीख उडी मारते, शरीर मारत नाही. गोळ्यांमधलं अंतर तासांवर मोजा आणि इन्सुलिन असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

प्रश्न : बाल्कनीला जास्त पैसे मोजावेत का? आणि कुठल्या बाजूची?

रोज नवीन बंदर असेल तर दिवसभर बाहेरच असता, तेव्हा बाल्कनी वाया जाते. सी डे भरपूर असतील तर मात्र मोजावेत, त्या दिवसांत एकांत मिळायची तेवढीच एक जागा असते. बाजू दिशेवर ठरते. उत्तर गोलार्धात उष्ण कटिबंधाच्या वरून पश्चिमेला जाताय तर दक्षिण तुमच्या डावीकडे येते म्हणजे ऊन डाव्या बाजूला, परतीचा प्रवास पूर्वेकडे तर उजवीकडे. थंड समुद्रावर उन्हाची बाजू नसेल तर तिथे दहा मिनिटं बसवत नाही. गरम समुद्रावर उलट सावलीची बाजू मागा. एजंटला हे विचारलंत तर तो जरा गडबडेल, पण विचारा.

प्रश्न : सर्वांत जास्त सी डे असलेल्या क्रूझ इतक्या स्वस्त कशा? काही गोम आहे का?

गोम नाही. जहाजं उन्हाळा भूमध्य समुद्रात काढतात, हिवाळ्यात कॅरिबियनमध्ये, त्यामुळे वसंतात आणि शरद ऋतूत ती इकडून तिकडे न्यावीच लागतात. रिकामी नेण्यापेक्षा माणसं बसवून नेलेली बरी म्हणून कमी भाव. याला रिपोझिशनिंग क्रूझ म्हणतात. फक्त हिशोब करताना विसरू नका की जहाज परत येत नाही, एका बाजूचं विमान तुमच्याच खिशातून.

प्रश्न : मधल्या समुद्रात कुणी आजारी पडलं तर? आमच्याबरोबर ८० वर्षांच्या आई आणि दहा महिन्यांचं बाळ असणार आहे.

आधी बाळाचं, कारण त्यावरून कदाचित बुकिंगच बदलावं लागेल. बऱ्याच कंपन्यांचा नियम असतो की साध्या क्रूझला सहा महिन्यांचं बाळ चालतं, पण सलग तीन किंवा जास्त सी डे असतील किंवा महासागर ओलांडायचा असेल तर बाळ निदान १२ महिन्यांचं हवं. बहुतेक ठिकाणी गरोदर बाईला प्रवास संपेपर्यंत २४ आठवडे पूर्ण होत असतील तर घेत नाहीत. पैसे भरायच्या आधी लेखी विचारून घ्या.

जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर आणि नर्स असतात, ईसीजी, एक्स-रे, साध्या रक्ततपासण्या, पेशंटला सांभाळून धरता येईल इतपत सोय असते. मोठं ऑपरेशन होत नाही. हेलिकॉप्टर येईल असं सिनेमात बघून लोक धरून चालतात पण त्याची झेप ठरावीक असते, महासागराच्या मध्यावर ते पोचूच शकत नाही, मग जहाज वळवून जमिनीच्या टप्प्यात न्यावं लागतं आणि त्यात दिवस-दीड दिवस जाऊ शकतो. हृदयाचा, किडनीचा नाहीतर कसलाही मधेच बिघडू शकणारा आजार असेल तर आईंच्या डॉक्टरांशी नेमकं हेच बोला, की "दोन दिवस हॉस्पिटल मिळणार नाही, चालेल का". विमा घेताना त्यात मेडिकल इव्हॅक्युएशन, म्हणजे पेशंटला जहाजावरून हॉस्पिटलपर्यंत हलवायचा खर्च, आहे ना ते बघा, नुसतं सामान हरवल्याचं कव्हर नको. औषधं हॅंडबॅगेत आणि लागतील त्यापेक्षा आठवडाभर जास्त.

बाकी जहाजावर सगळ्यात जास्त बोलबाला असतो तो नोरोव्हायरसचा, उलट्या-जुलाब. दारात जेलचं यंत्र असतं, पण या विषाणूवर अल्कोहोलचं जेल नीट चालत नाही, साबण आणि पाणीच लागतं. जेवायच्या आधी हात धुवा, कठड्यांना आणि लिफ्टच्या बटणांना उगाच हात लावत बसू नका. लक्षणं दिसली तर लपवू नका, एक-दोन दिवस केबिनमध्ये बसवतील ते बसा.

प्रश्न : इंटरनेट चालतं का? मला ऑफिसचे कॉल घ्यावे लागतात.

आता पुष्कळ बरं चालतं. पूर्वी सगळं जवळपास ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहांवरून यायचं, आवाज जाऊन यायला अर्धा-पाऊण सेकंद, दोघं एकदम बोलायचे आणि दोघं एकदम गप्प. हल्ली बऱ्याच जहाजांनी काहीशे किलोमीटरवरून फिरणारे उपग्रह घेतलेत, व्हिडिओ कॉल होतात. फक्त फोन एअरप्लेन मोडवरच ठेवा आणि वायफाय तेवढं चालू करा, नाहीतर तो जहाजाचं स्वतःचं मोबाईल नेटवर्क पकडतो आणि त्याचं रोमिंगचं बिल डोळे पांढरे करतं. एक मत विचारलं नसताना देते, सी डेला कॉल घेणार असाल तर नका जाऊ, सुट्टी आणि पैसे दोन्ही वाचवा.

प्रश्न : डॉल्फिन, व्हेल दिसतात का?

दिसतात, पण वाट बघायची तयारी हवी. पहाटे आणि संध्याकाळी, समुद्र सपाट असेल तेव्हा, पुढच्या बाजूला उभं राहा. उष्ण समुद्रात उडते मासे मात्र जवळजवळ नक्की, जहाजाला दचकून थव्याने पाण्यावरून सरपटत जातात, एका माशाचं ४५ सेकंदांचं उड्डाण जपानी कॅमेऱ्यात २००८ मध्ये टिपलं गेलंय. त्यांच्यावर डोळा ठेवून बूबी नावाचे पक्षी जहाजाबरोबर तासन्‌तास उडत राहतात आणि मासा उडाला रे उडाला की सूर मारतात, तो खेळ कुठल्याही शोपेक्षा भारी. अल्बट्रॉस हा मोठ्या पंखांचा समुद्रपक्षी बघायचा असेल तर दक्षिणेचे समुद्र किंवा उत्तर पॅसिफिक, उत्तर अटलांटिकमध्ये त्याची आशा धरू नका. दुर्बीण न्या, साधी चालेल.

प्रश्न : मागच्या क्रूझला रात्रभर भोंगा वाजत होता, झोप नाही. काही धोका होता का?

धुकं होतं, बाकी काही नाही. नियमच आहे, कमी दिसत असेल तर इंजिनावर चालणाऱ्या जहाजाने जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने चार ते सहा सेकंदांचा एक लांब भोंगा द्यायचाच. न्यूफाउंडलंडजवळ गरम गल्फ स्ट्रीम आणि थंड लॅब्राडोर प्रवाह भेटतात, तिथे वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला हे ठरलेलं. पुढच्या बाजूच्या केबिनला जास्त ऐकू येतं. इअरप्लग.

प्रश्न : सी डेला पूलजवळ खुर्चीच मिळत नाही, लोक सकाळी सहालाच टॉवेल टाकून जातात. काय करावं?

बंदराच्या दिवशी निम्मं जहाज खाली उतरलेलं असतं, सी डेला सगळेच्या सगळे वर, म्हणून जहाज त्या दिवशी सगळ्यात लहान वाटतं. बहुतेक कंपन्यांचा नियम असतो की अर्धा-पाऊण तास कुणी आलं नाही तर टॉवेल उचलायचा, पण तो तुम्ही उचलू नका, डेकवरच्या स्टाफला सांगा, भांडण त्यांना सांभाळू दे. जेवणाचंही हेच, दुपारी एकला बुफेत मुंगी शिरायला जागा नसते आणि त्याच वेळी खाली मेन डायनिंग रूम सी डेला उघडी असते, टेबलावर वाढतात, आणि निम्मी रिकामी. कपडे धुवायची मशिनं सी डेच्या सकाळी कधीच मिळणार नाहीत, लोक रात्री जेवायला गेले की जा. आणि पूलचा हट्ट सोडलात तर प्रोमेनाड डेकवर सावलीतल्या लाकडी खुर्च्या असतात, तिथे गाणी नाहीत, बारची ऑर्डर घ्यायला कुणी दर दहा मिनिटांनी येत नाही आणि समुद्र पण तिथूनच जास्त जवळ दिसतो. त्यांच्यावर टॉवेल टाकलेला मी तरी अजून बघितला नाही.